बाहेरचं नाक

संग्रहालयाच्या बाईंनी पहिली बाहुली उचलली, तिच्या मानेमागे नाक नेलं आणि तिला परत फळीवर ठेवलं. दुसरी उचलली, ठेवली. तिसरीला नुसता हात लावला. मग पिशवीतून रुमाल काढून बोटं पुसली. हे सगळं त्यांनी इतकं जपून केलं की त्या काय म्हणणार ते मला आधीच कळलं.

"वास आहे," त्या म्हणाल्या. "राग मानू नका. आजाऱ्याच्या खोलीचा आहे."

मी एक बाहुली घेऊन हुंगली. जुनं कापड, थोडी धूळ. बाकी काही नाही.

"मला नाही येत."

"तुम्हाला नाहीच येणार," बाई म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं, आणि हे त्यांनी सांगायच्या आधी मला सुचायला हवं होतं. आईने तीस वर्षं हेच काम केलं. लोक जुन्या बाजारातून, माळ्यावरच्या पेट्यांतून, गेलेल्या आत्यांच्या कपाटांतून बाहुल्या आणायचे आणि आईकडे टाकून जायचे. कुणाला तंबाखूचा धूर लागलेला, कुणाला बुरशी, कुणाला डांबराच्या गोळ्या, कुणाला मांजर. आई वास काढून द्यायची. गल्लीत तिला बाहुल्यांची डॉक्टरीण म्हणत. ती म्हणायची, डॉक्टरीण कसली, धोबीण म्हणा. डॉक्टरकडून कुणी इतकं स्वच्छ होऊन परत येतं का? तिचा पहिला नियम असा की घरच्या नाकावर विश्वास ठेवायचा नाही, घरचं नाक फितूर असतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण वासाला लागू पडत नाही. वास ज्याच्या घरात राहतो त्यालाच तो कळत नाही. म्हणून बाहुली तयार झाली की दारावर जो येईल त्याच्या नाकाखाली ती धरायची. टपालवाले काका, विजेचं मीटर बघायला आलेला माणूस, एकदा तर पत्ता चुकून आमच्या दारात आलेलं नवं जोडपं. "जरा हुंगून सांगा," आई म्हणायची, आणि ते बिचारे हुंगायचे.

तिच्या स्वतःच्या बाहुल्या अठरा. एका लहानशा कारखान्याने दर वर्षाला एक अशा काढलेल्या, प्रत्येक बाहुली एकेका कामाची: बेकरीवाली, परिचारिका, टपालवाली, शिंपीण. मानेवर आकडा. अठराव्या वर्षी कारखाना बंद पडला. आईला त्या सगळ्या जमवायला बावीस वर्षं लागली, आणि त्यातली एकही तिच्याकडे नवी आली नाही. प्रत्येक कुणाच्या तरी घरचा वास घेऊन आली आणि आईने तो काढला. अठराच्या अठरा एकत्र असलेलं दुसरं कपाट बाईंच्या माहितीत नव्हतं. सतरा असतील तर तो नुसता ढीग, असं आईच म्हणायची. जाण्याआधी दोन महिने तिने बाईंना घरी बोलावून शब्द घेतला होता: सगळ्या एका कपाटात, आकड्याच्या क्रमाने, एकही वेगळी न करता. बाईंनी शब्द दिला. वास तेव्हाही असणारच, पण मरायला टेकलेल्या माणसासमोर कोण नाक मुरडतं?

आई तिच्या खोलीत चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. बाहुल्यांचं कपाट पायथ्याशी. त्याची दारं तिने उघडी ठेवायला लावली होती, कारण बंद काचेत खिडकी दिसायची आणि बाहुल्यांची तोंडं दिसायची नाहीत.

बाईंनी मला नीट समजावलं. संग्रहालयातलं कपाट बंद काचेचं. एकीचा वास आठवड्याभरात सगळ्यांना लागतो. दालन तीन आठवड्यांनी उघडणार. तोवर अठराही स्वच्छ झाल्या तर त्या नेतील, नाहीतर ते कपाट पत्र्याच्या आगगाड्यांना जाईल.

"एखादीच राहिली तर?"

"तर सतरा होतात," बाई म्हणाल्या. "सतरा मी लावणार नाही. तुमच्या आईंनीच बजावलंय मला."

काम मला येत होतं. शाळेचा अभ्यास मी आईच्या टेबलाच्या टोकाला बसून केलेला. हात, पाय, डोकं आतल्या इलॅस्टिकवरून सोडवायचं. कापडी धडाची पाठीमागची शिवण उसवायची, जुना कापूस फेकायचा, धड धुऊन सावलीत वाळवायचं, नवा कापूस भरायचा. चिनीमातीचं डोकं ओल्या फडक्याने पुसायचं, पण मिटणाऱ्या डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही. आतलं वजन गंजतं आणि बाहुली कायमची जागी राहते. सगळं वाळलं की पत्र्याचा डबा. तळाशी वाटीत खायचा सोडा, कडेला जाळीच्या पिशवीत कोळसा, आणि बाहुलीला दोन्हींचा स्पर्श नाही. झाकण लावून तीन दिवस. अत्तर, पावडर, सुगंधी साबण या घरात आलाच नाही. एक खोटं झाकायला दुसरं खोटं बोलण्यासारखं ते, असं आई म्हणायची. आणि घाई करणाऱ्यांना सांगायची, वास घोड्यावरून येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो.

तीन दिवसांनी डबा उघडायचा. उघडल्यावरचा पहिला श्वास, तोच खरा. मी पहिले चार डबे उघडले, चार श्वास घेतले, मला काहीच आलं नाही. पण काहीच तर मला सुरुवातीलाही आलं नव्हतं.

मग मी आईसारखं दारात उभं राहून पाहिलं.

"छान आहे," टपालवाले काका म्हणाले.

"वास येतो का, काका?"

"छान येतो."

"कसला येतो?"

"म्हणजे, येत नाही. छान आहे, पोरी," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

शेजारच्या मावशींनी बाहुली छातीशी धरली. "तुझ्या आईचाच वास गं. किती बरं वाटलं." बेकरीवाला म्हणाला, त्याला गेली वीस वर्षं सगळ्या जगालाच पावाचा वास येतो, त्याला विचारून उपयोग नाही. निदान तो खरं बोलला.

आई गेलेल्या मुलीला तिच्या घरच्या वस्तूंना वास येतो असं तोंडावर कोण सांगणार? मला असं नाक हवं होतं जे घरचं नाही आणि भिडस्तही नाही. तसं एकच होतं.

माझी धाकटी बहीण रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर राहते. चौदा महिन्यांत ती दोनदा आली, दोन्ही वेळा दुपारपुरती. खिडकीजवळच्या खुर्चीत कोट न काढता बसली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. आईच्या अंत्यविधीनंतर आम्ही पाच आठवडे एकमेकींशी बोललो नव्हतो. मी फोन केला आणि सगळं सांगितलं.

"मला तुझं नाक हवंय," मी म्हणाले.

"नुसतं नाकच? बाकीची मी मागाहून टपालाने पाठवू?"

"बाकीचीचं तू ठरव."

"एवढ्या दिवसांत मी आले नाही, ते चालेल तुला?"

"आली नाहीस म्हणूनच तू चालशील."

हे मी ठरवून बोलले नव्हते. खरं होतं म्हणून तोंडातून गेलं.

"गुरुवारी येते," ती म्हणाली. "दोन आठवड्यांची रजा टाकते."

गुरुवारी सकाळी मी दार उघडलं तर ती उंबऱ्यापासून दोन पावलं मागे उभी होती. हातातली बॅग तिने खाली ठेवली नव्हती.

"हाच," ती म्हणाली. "पाठीच्या जखमांचं मलम. फिनेल. आणि उकळलेल्या चादरी. मागच्या हिवाळ्यात जिन्यातही येत होता."

"मागच्या हिवाळ्यात तू कुठे आली होतीस?"

ती बॅगेच्या बंदाकडे बघत राहिली. "जिन्यापर्यंत आले होते. दुसऱ्या मजल्यावर. मग खाली उतरले आणि परतीची गाडी धरली."

त्या हिवाळ्यात आई रोज विचारायची, धाकटी कधी येणार. ते मी तेव्हा फोनवर तिला सांगितलं होतं. आता पुन्हा सांगितलं नाही.

"बॅग आत ठेवते," ती म्हणाली.

"आत नको. स्टँडजवळच्या लॉजवर तुझ्यासाठी खोली घेतलीय."

"आपलं घर असताना मी लॉजवर राहू?"

"एक रात्र या घरात झोपलीस की तुझं नाक माझ्यासारखं होईल. मग आपण दोघी बसू डबे हुंगत. नाकाला घर लागता कामा नये."

"हे आईचं वाक्य."

"हो."

"तू मजा घेतेयस, ताई."

"नाही," मी म्हणाले. थोडी घेत होते.

रोज सकाळी ती चहा न घेता यायची. जिन्याच्या वरच्या पायरीवर खुर्ची ठेवली होती, तिथे बसायची. मी दारातून डबा पुढे करायची, झाकण काढायची. ती डोळे मिटून एक श्वास घ्यायची आणि निकाल द्यायची. मग खाली कोपऱ्यापर्यंत चालून, मोकळ्या हवेत नाक धुऊन यायची. चार डब्यांच्या वर नाक थकतं, म्हणून रोज चारच. तिच्यात भीड नव्हती. बेकरीवाली पास. टपालवाली नापास. सातवी "जेमतेम, पण मी हिला कपाटात बसवणार नाही". परिचारिका नापास झाली तेव्हा ती म्हणाली, "हिला मात्र शोभतो. गणवेशाचा भाग म्हणून सांग बाईंना."

मी हसले. किती दिवसांनी, ते आठवून लगेच थांबले. तिने ते पाहिलं आणि खाली कोपऱ्यावर निघून गेली.

नापास झालेल्या मी पुन्हा उसवल्या, पुन्हा धुतल्या. बाहुल्यांचे कपडे दोरीवर वाळत असायचे, वीतभर लांबीचे झगे आणि बोटभर बाह्यांचे कोट. दुसरा आठवडा संपत आला तेव्हा सतरा पास होऊन आपापल्या डब्यांत बंद होत्या.

राहिली अकरावी, शिंपीण. त्या वर्षी कारखान्याला चिनीमाती मिळाली नसावी. अकरावी लाकडाच्या भुशाच्या लगद्याची केलेली, वरून रंगाचा पातळ थर. तिला पाणी लागलं की ती फुगते, रंगाचे पोपडे निघतात. धुता येत नाही, उसवता येत नाही. बावीस वर्षांच्या शोधात आईला ती सगळ्यांत शेवटी मिळाली होती, म्हणून ती एकटी कपाटात नव्हती, आईच्या उशाशी औषधांच्या स्टुलावर होती. वास सगळ्यांत जास्त तिने प्यायला. मी तिला शिळ्या पावाच्या कोरड्या चुऱ्याने हलक्या हाताने घासलं, वाऱ्यावर ठेवलं, डब्यात घातलं. कोळसा दोनदा बदलला.

"कमी झालाय," धाकटी म्हणाली. "पण आहे."

"किती?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याइतका."

सोमवारी दुपारी चारला अकरावी पुन्हा डब्यात गेली. गुरुवारी चारला उघडायची. शुक्रवारी सकाळी बाई येणार होत्या.

गुरुवारी अकराच्या सुमारास मी बेकरीतून रिकामी खोकी आणायला गेले. धाकटी जिन्यातल्या खुर्चीवर पुस्तक घेऊन बसली होती. परत यायला मला पाऊण तास लागला. खुर्ची रिकामी होती, पुस्तक पायरीवर पालथं. दार लोटलेलं. आईच्या खोलीत ती आईच्या पलंगावर, बूट घालून, भिंतीकडे तोंड करून झोपली होती. गादी मी अजून काढून टाकली नव्हती. खिडकी बंद. तिने उशी दोन्ही हातांनी चेहऱ्याशी ओढून घेतली होती.

मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. आत्ता उठवलं, खाली नेऊन चारपर्यंत हवेत फिरवलं तर नाक शाबूत राहील. संध्याकाळपर्यंत ती इथे झोपली तर अकरावीला कुणी परीक्षक उरणार नाही. नुसता खांद्याला हात लावायचा होता. आईची बावीस वर्षं आणि बाईंचा शब्द, सगळं त्या एका हातावर होतं.

मी पलंगाजवळ गेले. तिचं तोंड थोडं उघडं होतं. लहानपणीही ती अशीच झोपायची, आणि मी तिला माशी जाईल म्हणून घाबरवायची. चौदा महिने त्या पलंगावर कुणाला असं गाढ झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. मी हात मागे घेतला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. मग स्वयंपाकघरात अकरावीचा डबा समोर ठेवून बसून राहिले. चार वाजले तेव्हा डबा उघडला नाही.

ती पाचच्या सुमारास बाहेर आली. गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटली होती. तिने घड्याळ पाहिलं, मग डबा.

"उठवायचं होतंस."

"हो."

"विसरलीस?"

"नाही."

ती माझ्यासमोर बसली. डबा स्वतःकडे ओढून तिने झाकण काढलं आणि श्वास घेतला. एकच घ्यायचा असतो, तिने तीन घेतले.

"काही येत नाही," ती म्हणाली. या उत्तराची किंमत आम्हा दोघींनाही माहीत होती. झाकण लावत ती म्हणाली, "पास झाली म्हणून सांगितलं तर?"

"आपण सांगू. आठवड्याने बाकीच्या सतरा सांगतील."

"मी घाण करून ठेवली."

"लॉजवरून बॅग घेऊन ये," मी म्हणाले. "आता तिकडे राहून काय करणार?"

शुक्रवारी बाई आल्या तेव्हा मी त्यांना बसायच्या आधीच सांगितलं. सतरांची खात्री आहे. अकरावीची आमच्यापैकी कुणीच देऊ शकत नाही. बाईंनी सतरांतल्या पाचसहा काढून पाहिल्या आणि मान हलवली. मग अकरावीचा डबा उघडला. धाकटी खिडकीपाशी पाठ करून उभी राहिली.

"आहे," बाई म्हणाल्या. "अगदी पुसट. पण बंद काचेत तो वाढेल."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"मी शब्द मोडत नाही," त्या म्हणाल्या. "सतरा लावणार नाही. या खेपेला आगगाड्या जातील. दुसरं दालन सहा महिन्यांनी उघडतंय, तिथलं एक कपाट तोवर रिकामं ठेवता येईल. त्यापुढे मला नाही थांबता येणार. या सतरा मी आमच्या गोदामात डबाबंद ठेवते, इथे ठेवल्या तर पुन्हा लागेल त्यांना." त्यांनी अकरावीकडे पाहिलं. "ही मात्र मला गोदामात चालणार नाही. आणि या घरात ती सुधारणार नाही."

"मी नेते," धाकटी म्हणाली.

ती पाचव्या मजल्यावर एकटी राहते. खिडक्या दोन्ही बाजूंना, वारा भरपूर, स्वयंपाक जवळजवळ नाही. अकरावीसाठी त्याहून चांगली जागा नव्हती, हे मला दिसत होतं. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. बाई खोक्यात कागद अंथरू लागल्या, आमच्याकडे लक्ष नसल्यासारख्या.

"सहा महिने," मी म्हणाले. "रोज."

"रोज."

"मध्येच कुठे जाता येणार नाही. कंटाळा आला म्हणून नाही. बघवत नाही म्हणून तर नाहीच."

"कळलं, ताई."

"कळलं म्हणायला काय जातं?"

"मग शिकव," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू मला कधी काही शिकवलंस? मी आले की तू म्हणायचीस, तू बस, मी करते. दोन्ही वेळा. मी खुर्चीत बसून तुझे हात बघायची. मला वाटायचं, आपण हात लावला तर आईला दुखेल."

बाईंच्या हातातला कागद वाजायचा थांबला, मग पुन्हा वाजू लागला.

मी अकरावीला डब्यातून काढलं आणि टेबलावर फडकं अंथरून त्यावर निजवलं.

"इकडे ये. सकाळी डब्यातून काढायची, सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला. उन्हात नाही, रंग तडकतो. दिवसातून तीनदा कूस बदलायची. सकाळी डावी, दुपारी उजवी, झोपायच्या आधी पोटावर. एका अंगावर राहिली तर त्या अंगाचा वास आत मुरतो. कोळसा दर रविवारी बदल. पाणी नाही, काहीही झालं तरी. आणि ओढायची नाही. उचलायची."

"कशी?"

"दाखव कशी उचलशील ते."

तिने दोन्ही हात बाहुलीच्या काखांत घातले.

"असं नाही. खांदे निखळतात. एक हात कमरेखाली."

तिने हात कमरेखाली नेला. बाहुलीचं डोकं मागे कललं.

"दुसरा मानेखाली," मी म्हणाले आणि तिचा हात धरून तिथे नेला. "आधी मान. मग बाकीचं."

तिने मान धरली, बाहुलीला हळूच कुशीवर वळवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पुन्हा कर," मी म्हणाले.